रिसिव्हरमधली जिजा

५ जानेवारी

आजपासून मी नोकरदार बाई. मुर्धा गावातून रिक्षात बसले तर रिक्षावाल्याने विचारलं, आजी, दवाखाना? म्हटलं, म्युझियम. म्हणाला, बघायला? म्हटलं, न्हाय रे, ठेवायला नेतायत.

हे सगळं माझी नात समीक्षा लिहितेय. मला अक्षर येत नाही आणि तिला अक्षराशिवाय काही येत नाही, म्हणून आमचं जमतं. तिची अट, सगळं खरं सांगायचं. माझी अट, मी बोलताना मोबाईल बघायचा नाही.

म्युझियम भाईंदर पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, नवंकोरं. आत शिरलं की छताला टांगलेलं छोटं विमान. पुढे खाडीचे पक्षी, भुसा भरून बसवलेले. शेवटी आमचं मिठागर, काचेमागे. ज्या लाकडी फावड्याने मीठ ओढून माझ्या हाताला घट्टे पडले, तसलंच फावडं आत ठेवलंय आणि त्यावर दिवा. माझ्यावर एवढा उजेड कुणी कधी पाडला नाही.

प्रत्येक दालनात भिंतीवर काळा फोन आहे. पोरांनी रिसिव्हर उचलला की गोष्ट ऐकू येते. विमानाच्या फोनमध्ये एक पायलट बोलतो, पक्ष्यांच्या फोनमध्ये एक प्रोफेसर. मिठाचा फोन मुका आहे. तो मी भरायचा. तिथल्या मुख्य शिवांगी मॅडम चांगल्या आहेत. मला गादीची खुर्ची दिली.

९ जानेवारी

काल माझी गोष्ट भरली. भरतीचं पाणी घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं, टाचा चिरायच्या. बेव्हर्ली पार्कच्या टॉवरमधली एक चिमुरडी रिसिव्हर ठेवून म्हणाली, दादी, इसमें स्टोरी किधर है? बरोबर आहे तिचं. माझ्या जन्मात स्टोरी नव्हती, मीठ होतं.

एक गंमत. काल संध्याकाळी समीक्षाने विचारलं, आजी, तुमचं मिठागर कुठल्या बाजूला होतं? तोंडावर होतं, पण आलं नाही. आज मॅडमनी ती गोष्ट पुसली आणि चहा पिता पिता सगळं आठवलं. वय झालं, दुसरं काय.

१२ जानेवारी

आज जिजाची गोष्ट भरली.

जिजाबाई माझी शेजारीण. एकाच मिठागरात आमचे पाय चिरले, एकाच उंबऱ्यावर बसून आम्ही मशेरी लावतो. लहानपणी ती बापाबरोबर मिठागरात गेली होती. पाण्यात रोहित उतरले होते. मॅडम त्यांना फ्लेमिंगो म्हणतात. जिजा चालत चालत त्यांच्या मधोमध गेली. एकदम सगळा थवा उठला, आणि जिजा सांगते की तीही उठली. पाय पाण्यातून सुटले. बापाने धावत येऊन पाय धरला म्हणून ती खाली राहिली. हे तिने फक्त मला सांगितलं. वर म्हणाली होती, मी मेल्यावर खुशाल सांग गो, माझ्यादेखत नको. मी हो म्हटलं होतं.

फोनमध्ये मी ‘जिजा’ म्हटलं नाही. ‘मी’ म्हटलं.

१९ जानेवारी

मिठाच्या फोनपुढे रांग लागते. विमानाचा फोन ओस. पायलटच्या फोटोकडे बघून मी पदर सावरते.

आज जिजाला सांगून टाकावं म्हणून उंबऱ्यावर हळूच रोहितांचा विषय काढला. तिने विचारलं, कसले रोहित? मला वाटलं, थट्टा करतेय. पण डोळे कोरे होते. तिला काहीच आठवत नव्हतं.

मला बरं वाटलं. समीक्षा, तसंच लिही. बरं वाटलं.

२४ जानेवारी

आज पहिल्यांदा मी स्वतः रिसिव्हर कानाला लावला.

आत जिजा बोलत होती.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, आजी, आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. असेल. पण पुढचा दात पडल्यापासून जिजाचा ‘स’ फुटतो. माझे दात शाबूत आहेत. आणि ती बापाचं नाव घेत होती, रघू. परकराचा रंग सांगत होती, आईने मारलं ते सांगत होती. यातलं मी काही भरलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.

३० जानेवारी

जिजाला बापाचं नाव आठवत नाही. तिचा मुलगा जितेंद्र तिला डॉक्टरकडे नेऊन आला. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं. मी मान डोलावली.

गोष्ट मात्र वाढतेय. आता तिच्यात जिजाचं लग्न आलं, जितेंद्रचा जन्म आला.

आणि ऐकताना पोरं टाचा उचलतात. सगळी. एकदम.

२ फेब्रुवारी

मॅडमना म्हटलं, ती गोष्ट पुसा. म्हणाल्या, पुसते, पण फोन रिकामा ठेवता येणार नाही, शाळा येतायत. तिच्या जागी तेवढीच चांगली दुसरी द्या.

दुसऱ्या कुणाची दिली तर तो आटणार. माझी दिली तर — ते नऊ तारखेला कळलंच होतं. मला, आणि आता समीक्षालाही. तिने पेन खाली ठेवलं. मी उचलून हातात दिलं.

आजच पुसता आली असती. पण परवा माझा सत्कार आहे. शाल, नारळ. मी म्हटलं, सत्कार होऊ द्या.

४ फेब्रुवारी

शाल घेतली.

जितेंद्र जिजाला घेऊन आला होता. तिने रिसिव्हर उचलला, पूर्ण ऐकलं, हसली. मला म्हणाली, बाई किती छान सांगते गो. कोण हाय?

माझ्या खांद्यावर शाल होती. काढताही येईना.

५ फेब्रुवारी

जिजाने भाकरी हातात धरून विचारलं, याचं काय करायचं?

मी गेले म्युझियमला. शाल टेबलावर ठेवली. जिजाची पुसून घेतली आणि माझी सांगितली. या वेळी फक्त मीठ नाही. आईच्या मांडीपासून सगळं, काही न ठेवता. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हलकं वाटलं. घासून पालथं घातलेलं पातेलं असतं, तसं.

बाहेर आल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, कुठे जायचं? गावाचं नाव तोंडात येईना. समीक्षाचा नंबर पदराला बांधलेल्या कागदावर होता, म्हणून बरं.

७ फेब्रुवारी

सकाळी एक बाई दारात येऊन ओरडली. चोरटी, माझे रोहित विकून शाल घेतलीस! दात पडलाय तिचा. मग गळ्यात पडून रडली. बापाचं नाव सारखं घेत होती. रघू, रघू.

समीक्षा म्हणाली, आजी, ही जिजा.

बरी आहे ना आता? मग झालं.

८ फेब्रुवारी

लिहिणारी पोर चांगली आहे. कुणाची आहे विचारलं तर रडते. म्हणते, उद्याच जाऊन पुसून आणते. काय पुसणार, कोण जाणे.

ती दात पडलेली बाई सकाळपासून माझा पाय धरून बसलीय. दोन्ही हातांनी. तिला म्हटलं, बाय, धरतेस कशाला —

पाणी किती पांढरं आहे. सगळे तांबडे. मान वर करतायत —

सोड गो. सगळे उठले. माझ्या टाचा —