गोफणीतला धोंडा

३ जानेवारी १९९४, सोमवार. बजाजनगर

लिहीन लिहीन म्हणत दिवाळीपासून टाळलं. वहीवर चहाच्या कपाचे गोल उमटले, अक्षर एक नाय! आज लिहिणं भाग आहे. कंपनीत झाडू मारताना रामकिसनदादा म्हणाला, "मुंजाबा, सुटे भाग गरगर फिरवून तेल झटकायच्या मशीनवर माणूस पाहिजे. पुढच्या मंगळवारी साहेब तोंडी परीक्षा घेणार. हे पाठ कर." चिठ्ठीवर एकच शब्द — केंद्रापसारी.

म्हणलं, केंद्रात पसारा? म्हणजे माझी खोलीच की! दादा लई हसला. "येड्या, मधून बाहेर पळणारं. तुझ्यासारखं."

५ जानेवारी

वाचनालय. मशीनचं पुस्तक राहिलं बाजूला, कोशात हाच शब्द शोधत बसलो. मोगऱ्याच्या झुबक्यात मधलं फूल आधी उमलतं, मग कडेची — तेही केंद्रापसारी! मेंदूतून बोटांकडं निघालेला निरोपही. गजकर्णही मधून बाहेर पसरतं. (माझ्या मानेवरचं आरशात बघून आलो. खरंय.) पाच वाजले, कुलूप लागलं.

७ जानेवारी

मशीनचं पान उघडलं एकदाचं. चित्रात दोरीनं फिरवलेला धोंडा मधून सरळ बाहेर उडतोय. साफ खोटं! फुलंब्रीच्या माळावर मी गोफण फिरवलीये. धोंडा सुटला तिथून दोरीला आडवा जातो. दादा म्हणाला, "साहेबाला सांगू नको, करून दाखव. नोकरी तुझीच."

पण गोफण कुठंय? मेंढरं सोडून निघालो तेव्हा आबांनी — वडलांनी — काढून घेतली. "मेंढरं नकोत तर गोफण कशाला? जा. सुटलेला धोंडा माघारी येत नसतो." दीड वर्ष झालं. ना त्यांचा निरोप, ना माझा.

दादा फुलंब्रीहून येऊन-जाऊन करतो. म्हणलं, आईकडून गुपचूप आण. आबांना कळू देऊ नको.

८ जानेवारी

दादा रिकाम्या हाती! आई घरी नव्हती. आबा होते — त्यांनाच सगळं सांगून बसला, गजकर्णासकट.

"मग? काय म्हणाले?"

"नुसती विडी विझवली."

संपलं.

९ जानेवारी

सुतळीची गोफण केली. पहिल्याच झटक्याला तुटली. धोंडा घरमालकीण मनकर्णाबाईंच्या पत्र्यावर. "मुडद्या, पडवीत म्हस हाय माझी!" धोंडा आडवाच गेला पण!

१० जानेवारी, सकाळ

दारात आबा! एसटीनं आलेत, जन्मात पहिल्यांदा. काखेत आजारी कोकरू, कमरेला गोफण. आत येईनात. म्हणतात, "सायबाम्होरं डाव्या हातानं फिरवू नको. नेम जातो तुझा. चल, मैदान दाव."