दोनशे चौदा नंबरची खुंटी

८ ऑक्टोबर, बुधवार

आला एकदाचा मोसम! युरोपच्या बास्केटबॉल स्पर्धेतला पहिला घरचा सामना, आणि आमच्या बंदराच्या गावात, क्लायपेडात, असा वारा सुटलाय की लोक टोप्या हातात धरूनच आत शिरले. सहाशे बारा कोट. प्रेक्षकांचे कोट टांगून सांभाळायच्या कोटखोलीत मी आणि रेगिना — दोन बायका, चार हात!

एक उंच म्हातारा आला. निळा जाड लोकरीचा कोट, डांबरगोळ्यांचा वास, आणि कोटाच्या मानेला खुंटीवर अडकवायची फीतच नाही. सांगितलं तोंडावर, "फीत नसेल तर कोट घेत नाही. पाटी वाचता येते ना?" म्हणतो कसा, "बाई, बंदरावर चाळीस वर्षं क्रेन चालवली. सुईत दोरा ओवायला कुणी शिकवलं नाही." हसूच फुटलं. घेतला. खिडकीजवळची २१४ ची खुंटी, त्याच नंबरचा बिल्ला त्याच्या हातात. जिंकलो.

२९ ऑक्टोबर

२१४ परत हजर. फीत नाहीच! सामना चालू असताना मीच शिवून टाकली, दुहेरी दोऱ्याने. सामना संपल्यावर कोट परत दिला. त्याने कोटाच्या मानेला हात लावून पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाला.

रेगिना म्हणाली, "सहाशे कोट येतात, फीत बरी एकाचीच शिवतेस!" तिला काय कळतंय.

२६ नोव्हेंबर

चार गुणांनी हरलो. पेपर न बघताही कळतं मला. एकोणीस मोसम झाले, एकही सामना डोळ्यांनी पाहिलेला नाही — खोली सोडायची नाही असा नियमच आहे. पण भिंतीपलीकडचा आवाज पाठ झालाय. धडाधड पाय आपटले की तीन गुणांचा बास्केट. शिट्ट्यांनी कान किटले की परका खेळाडू फ्री थ्रो घेतोय. आणि सगळं सभागृह गप्प झालं की आपला माणूस घेतोय — त्याच्यासाठी कुणी खोकतसुद्धा नाही.

२१ जानेवारी

गट पार केला! सगळीकडे मिठ्या. आणि त्यातच व्यवस्थापकाने बातमी दिली — पुढच्या मोसमापासून कोटखोली नाही, कुलपांची कपाटं येणार. "स्टासेबाई, तुम्ही आता आराम करा." आराम! नवरा गेल्याला अकरा वर्षं झाली, आरामच तर चाललाय.

२१४ ला सांगितलं. तो बराच वेळ बिल्ला बोटांत फिरवत उभा राहिला. मागे रांग ओरडायला लागली. त्याचं नाव झेनोनास. त्यानेच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. (विचारणार होते.)

१७ फेब्रुवारी

थंडीला हाकलायचा सण. मुखवटे, धिरडी, चौकात गवताची बाई जाळली. सगळं गाव ओरडत होतं — "थंडी, थंडी, चालती हो!" मी तोंड शिवून उभी. थंडी गेली तर कोट गेले. संघ जिंकत राहिला तर सामने वसंतापर्यंत जाणार, आणि वसंतात कोट कोण घालतं? आपण जिंकावं पण बर्फ वितळू नये — असलं काहीतरी मागते आहे मी. एकसष्ट वर्षांची घोडी!

११ मार्च

महिला दिन रविवारीच होऊन गेला, याला बुधवारी आठवला. ट्यूलिप आणले. मोजले — चार! आमच्याकडे सम आकड्यात फुलं मेलेल्याला देतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"अहो, मला पुरताय का काय?"

बिचारा पांढराफटक पडला. "पाचच घेतले होते हो! वाऱ्याने एक नेलं..." मग झटकन एक ओढून घेतलं आणि स्वतःच्या कोटाच्या काजात खोचलं. उरली तीन. रात्रभर खुंटीवर— नाही, सामनाभर खुंटीवर तो कोट फुलासकट डुलत होता. मी बघत होते.

२५ मार्च

उपांत्य फेरीत!! एका गुणाने!! रेगिनाने मला उचललंच.

झेनोनास म्हणाला, "शेवटचा तीन गुणांचा काय घातला पठ्ठ्याने! या डोळ्यांनी पाहिला."

पण शेवटी सभागृह गप्प होतं. दोनदा. दोन्ही वेळा मग गर्जना. ते फ्री थ्रो होते.

२६ मार्च

पेपरात आलंय — दोन फ्री थ्रो. मग त्याने पाहिलं काय?

रेगिनाला फोन लावला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग: "तो आत जातच नाही गं. जानेवारीपासून. बाहेर चहाच्या टेबलाशी खांबाआड बसतो, सामना दाखवणाऱ्या पडद्याकडे पाठ करून. मी गुपचूप चहा आणायला जाते ना, तेव्हा दिसतो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू इतकी खुशीत होतीस. सांगायचा धीर होईना."

चहाच्या टेबलावर आल्दोना असते. पन्नाशीची, गालाला खळी. अस्सं!

२७ मार्च

आल्दोनाचा चहा पांचटच असतो म्हणा.

१५ एप्रिल

एकवीस अंश. लोक नुसत्या शर्टावर. उपांत्य फेरीचा निकालाचा सामना आपल्याकडे. जिंकलो तरी अंतिम सामना परमुलखात. म्हणजे काहीही होवो, कोटखोलीचा हा शेवटचा दिवस. कोट आले तीन. दोन रेनकोट. आणि निळा लोकरीचा, आत घामाने भिजलेला झेनोनास.

ठरवलं होतं बोलायचं नाही. बोलले. "फ्री थ्रो होते ते. आत न जाता थापा का मारता? चहा एवढा गोड लागतो?"

त्याने टोपी काढली. "जानेवारीत डॉक्टरांनी बंदी घातली. शेवटची मिनिटं हृदयाला झेपणार नाहीत म्हणाले."

"मग घरी बसायचं!"

"घरी कोट कुणाकडे देऊ?"

मी बिल्ला दिला. मग सामनाभर तो खांबाआड बसला नाही, आमच्या खिडकीशीच स्टूल घेऊन बसला. भिंतीपलीकडे काय चाललंय ते मी कानाने ओळखून सांगत होते — वाईट असेल तिथे जरा गोड करून.

हरलो. सहा गुणांनी. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी रडले, आणि संघासाठी नाही. रेगिनाने खुंट्या पुसल्या. २१४ ची मी पुसली.

जाताना म्हणाला, "रविवारी बिटाचं गार सूप करतो. तेवढं येतं मला." आणि पत्ता बिल्ल्यामागे लिहून बिल्लाच परत केला.

१९ एप्रिल, रविवार

तेवीस अंश. मी हिवाळी कोट घालून गेले. त्याने दारातच काढून घेतला, आपल्या निळ्याशेजारी टांगला. बिल्ला दिला नाही. मीही मागितला नाही.