वस्ती रिकामी कोणी केली

…हे वाक्य वकीलबाईंनी मृत्युपत्रातून आत्ताच खोडले, म्हणून पुन्हा लिहिते: माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, आणि असता तरी मी ऐकला नसता. वय अठ्ठ्याहत्तर. सरकारी शाळेत छत्तीस वर्षे इतिहास आणि व्याकरण शिकवले.

१. घर. खाली दोन खोल्या, माडीवर दोन. हे सगळे माझ्या भाचीला. ती त्याच शाळेत नववीला इतिहास शिकवते. नदीपलीकडच्या कत्तलीचा धडा यंदा मुख्याध्यापकांनी ‘वेळेअभावी’ गाळला आहे. भाची म्हणाली, “मावशी, मी शिकवला तर नोकरी जाईल. मग राहू कुठे?” तर इथे राहावे. माडी आजपासूनच तिची. बाकीचे घर माझ्यामागे.

२. पत्र्याची पेटी. हीही तिलाच, आणि आजपासूनच. कारण सांगणे भाग आहे. पुस्तकात तेव्हा एवढेच वाक्य होते: ‘त्या वर्षी नदीपलीकडची वस्ती रिकामी झाली.’ अकरा वर्षे मी ते तसेच वाचून दाखवले. मग एकदा कर्ता ओळखण्यासाठी फळ्यावर लिहिले. शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, कर्ता वस्ती कशी? वस्तीनं काय केलं?”

मी म्हटले, “रिकामी होणारी कोण? वस्ती. लिही.”

व्याकरणाने माझे बरोबर होते. त्या रविवारी मी नदी ओलांडली.

पुढची पंचवीस वर्षे माझ्या वर्गातली मुले कत्तलीतून वाचलेल्यांच्या घरी जाऊन, विचारून, लिहून आणत राहिली. पेटीत एकशे चार वह्या आहेत. सर्वांत खाली एक यादी आहे: कोणत्या दारात किती माणसे. ती हातात घेऊन याच काठची माणसे, आमचे शेजारी, दारोदार गेली आणि मारत सुटली. अक्षर आमच्या वडिलांचे आहे. ते नगरपालिकेत कारकून होते. यादी फाडू नये, झाकू नये. वर्गात फिरवावी.

३. धाकटा भाऊ. तो म्हणतो, “ताई, अण्णांचं नाव मातीत घालू नकोस. ते सगळं उकरून काय मिळणार?” त्याला बागेतली कुदळ देते. उकरायची सवय त्याला लहानपणापासून नाही. बँकेत असेल तेही त्याचेच. माझे भांडण पैशाशी नाही.

४. मुख्याध्यापकांना माझे भिंतीवरचे घड्याळ. वेळेअभावी.

५. शोकसभा नको. घेतलीच तर ‘बाई गेल्या’ एवढेच म्हणावे. तिथे कर्ता बरोबर आहे.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: रविवार, शाळा उघडण्याआधीचा दिवस.
सही: बाई
समक्ष सह्या: वकीलबाई, शाळेचा शिपाई

(मागच्या बाजूस, शिपायाच्या हातचे)

सोमवारी सकाळी भाचीबाईंनी पेटीची एक कडी धरली, दुसरी मी. पहिल्या तासाला नववी ब मध्ये यादी फिरली. तास संपायच्या आत मुख्याध्यापकांची नोटीस आली. भाचीबाईंनी पोच म्हणून सही केली आणि दुसऱ्या तासाला त्या नववी अ मध्ये गेल्या.