शनिवारच्या पाच चुका

३ ऑगस्ट, शनिवार
बाबांनी माझ्या इंग्रजी निबंधात सव्वीस चुका काढल्या. सव्वीस! छापखाना बंद पडून चार वर्षं झाली, पण मुद्रितशोधकाचा डोळा अजून तसाच. आठवडाभर अंथरुणाला खिळलेला माणूस, शनिवारी मी वसतिगृहातून आले की उशीला टेकून बसतो आणि आईला लाल पेन्सिलीला टोक काढायला लावतो. आई म्हणते, "तुझा कागद आला की यांना औषध लागत नाही."
ओळीखाली पट्टी धरून शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत येतात. छापखान्यातली सवय. "अर्थाच्या नादी लागलं की डोळा फसतो."

६ ऑगस्ट, मंगळवार
इंग्रजीच्या बाईंनी वर्गात विचारलं — निबंधासाठी चॅटबॉट वापरावा का? खरं सांगा, मार्क कापणार नाही. पहिल्या बाकावरची म्हणाली, "विचार माझे, भाषा त्याची." चष्मेवाला म्हणाला, "कॅल्क्युलेटर चालतो, मग यालाच का नावं ठेवायची?" माझी रूममेट हळूच म्हणाली, "माझ्या इंग्रजीला सगळे हसायचे. आता नाही हसत. मला तेवढं पुरे."
मी हात वर केला नाही. बोलायला तोंड कुठे होतं? या आठवड्याचा निबंध चॅटबॉटनेच लिहून दिलाय. आळस, दुसरं काय.

१० ऑगस्ट, शनिवार
तोच निबंध बाबांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा उलटा वाचला. एकही चूक नाही. "शाब्बास," म्हणाले, पेन्सिल खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळचे अकरासुद्धा वाजले नव्हते. जेवायलाही उठले नाहीत.

१७ ऑगस्ट, शनिवार
निबंध पुन्हा चॅटबॉटचाच. स्वतः लिहिला की बाई पास होण्यापुरते मार्क देतात, याच्या निबंधाला मात्र वाहवा. पण बाबांच्या प्रतीत मुद्दाम पाच चुका घातल्या. कुठे घालायच्या यावर येताना बसभर डोकं खाजवलं — सोप्या केल्या तर संशय, अवघड केल्या तर सुटायच्या. बाबांना पाचही सापडल्या! दुपारी दोन घास जास्त जेवले.
खोट्याला खोट्याचं ठिगळ. पण जेवले ना.

२४ ऑगस्ट, शनिवार
पाच.

३१ ऑगस्ट, शनिवार
पाच. आता चुका घालण्यात माझा हात बसलाय. हेच डोकं निबंधाला लावलं असतं तर!

७ सप्टेंबर, शनिवार
बाबांच्या हातून पट्टी सारखी निसटते. तीनच सापडल्या. उरलेल्या दोन मीच "हे बघा बरं" म्हणत त्यांच्या बोटाखाली सरकवल्या. हसले. "तुला कळायला लागलं की."
तिथल्या तिथे सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तेवढ्यात आई पाणी घेऊन आली. पुढच्या शनिवारी सांगेन. नक्की.

१२ सप्टेंबर, गुरुवार
बाबा गेले. सकाळी साडेसहाला.

२८ सप्टेंबर, शनिवार
बाईंनी त्याच विषयावर निबंध मागितलाय — चॅटबॉटबद्दल तुमचं मत. स्वतः लिहिला. तीन दिवस लागले. चुका किती असतील, देव जाणे. सवयीने घरी घेऊन आले. आईने विचारलं, "टोक काढू का पेन्सिलीला?" आणि विचारून तिचं तिलाच रडू फुटलं. सांगायचं होतं ते राहिलंच. फसवलं मी त्यांना, शेवटपर्यंत.

२९ सप्टेंबर, रविवार
आईने बाबांच्या गादीखालची फाइल दिली. माझे सगळे निबंध, तारखेने लावलेले. म्हणाली, "तू गेल्यावर पुन्हा वाचायचे. सरळ, पहिल्या शब्दापासून. पोरीच्या मनात काय चाललंय बघू, म्हणायचे."
सतरा ऑगस्टच्या निबंधाच्या पाठीमागे साध्या पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलंय —
"हे तिचं नाही. चुका तेवढ्या तिच्या, माझ्यासाठी घातलेल्या. तिला कळू द्यायचं नाही."