मुशीपलीकडच्या बारा जणी

११ जून १९५६
तीन महिने! शहराच्या कचऱ्याची अख्खी योजना तीन महिन्यांत हवी. आमच्या म्युनिसिपल कचेरीचे मोठे साहेब हशमतसाहेब — त्यांनी बोलावून सांगितलं. राज्य फुटायच्या आत कागद पुढे जायला पाहिजे, नंतर या खुर्चीवर कोण बसेल त्यांनाही ठाऊक नाही. मी आरोग्यखात्याचा इन्स्पेक्टर, इथे उसना दिलेला. जुने आकडे सगळे उर्दूत. ते वाचणारे आता आम्ही दोघं-तिघंच उरलो.
घरी आलो तर हिचा तोच प्रश्न — ऑप्शनचा कागद भरला का? मराठी मुलूख मुंबई राज्यात जाणार. आम्ही मराठी नोकरांनी औरंगाबाद घ्यायचं की इथंच राहायचं, ते लिहून द्यायचंय. भरतो म्हणालो.

१४ जून
मुशी नदीपलीकडच्या मैदानावर गेलो. सगळ्या शहराचा कचरा बैलगाड्यांतून तिथंच येतो. कागदावर रोज एकशे दहा गाड्या. सकाळी सहापासून छत्री धरून मोजल्या — एकसष्ट!
बारा बायका कचरा निवडत होत्या. मी मोडक्यातोडक्या तेलुगूत चौकशी सुरू केली, तर एक म्हणाली, मराठीत बोला की सायब. नाव गंगू. देगलूरकडची. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं इथं. योजना करतोय म्हणालो. त्यात आमचं काय, असं तिनं विचारलं. मी पुन्हा गाड्या मोजायला वळलो.

२१ जून
तीन दिवस गंगूच्या मागं मागं फिरलो. हाडं खताच्या गिरणीला. काच भट्टीला. चिंध्या कागद करणाऱ्यांना. पत्रा बेगमबाजारात. केससुद्धा विकले जातात! गाडी लांबून दिसली की कुठल्या मोहल्ल्याची ते ती सांगते. आमच्या चिक्कडपल्लीच्या गाडीत कागद जास्त — वकील नि मास्तर राहतात ना! इस्पितळाच्या गाडीला हात लावायचा नाही. भामा नावाच्या एकीला त्यातली काच लागली, दोन बोटं कापावी लागली.
हे सगळं निवडून झाल्यावर जे कुजणारं उरतं, त्याचंच खत. म्हणजे आधी निवड, मग कुजवायला चरात. इतकं सोपं! पुस्तकात कुठं सापडलं नव्हतं. तिनं सांगितलेलं सगळं तक्त्यात मांडलं. चार पानं झाली. किती दिवसांनी काम करून बरं वाटलं.

५ जुलै
योजना दिली. साहेब खूश. तक्ता दोनदा वाचला.

१९ जुलै
ऑप्शनचा कागद दिला. औरंगाबाद. हिचे भाऊ एकनाथराव तिथं आहेत, म्हणून ही आनंदात. माझी आई जपाला बसली. मलाही मोकळं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

३ ऑगस्ट
योजना टाइप होऊन आली. त्यात एक नवं कलम. मैदानावरचा माल निवडायचा हक्क दर साल लिलावानं एका ठेकेदाराला. इतरांना मैदानात मज्जाव. आणि त्याला पुरवणी म्हणून माझा तक्ता — मैदानात काय काय निघतं ते बोली लावणाऱ्यांना कळावं म्हणून!
गंगूची नऊ वर्षं. ती मी चार पानांत लिहून यांच्या हातात दिली.
साहेबांकडे गेलो. ते वाईट माणूस नाहीत. चहा मागवला. म्हणाले, “बारा औरतों से कौन खत-ओ-किताबत करेगा, मुकुंदराव?” बारा बायकांशी सरकार पत्रव्यवहार कसा करणार. ठेकेदाराची सही असते.
मी चहा प्यालो नि बाहेर आलो.

९ ऑगस्ट
मैदानावर गेलो नाही. सर्दीचं निमित्त.

१८ ऑगस्ट
गंगू घरी येऊन गेली. मी कचेरीत. हिनं तिला व्हरांड्यात बसवून वेगळ्या कपात चहा दिला — हिनंच सांगितलं, मान खाली घालून. ठेकेदाराची माणसं मैदान मोजायला आली होती. पुढच्या महिन्यापासून इथं दिसायचं नाही, असं त्यांनी बजावलं. गंगू हिला म्हणाली, “अक्का, सायबांनी आमाला इचारून इचारून लिवून नेलं, ते याच्यापायी व्हय?”
मी हिला सगळं सांगितलं. ही भाजी चिरत होती. मग एवढंच — “पंधरा दिवस तुम्हाला ठाऊक होतं.”

२० ऑगस्ट
साहेबांना म्हटलं, बायकांची सहकारी संस्था केली तर? संस्थेला सही असते. त्यांनी चष्मा काढला. विचार करून म्हणाले, लिहिता-वाचता येणारा सेक्रेटरी आणा, सप्टेंबरअखेर कागद द्या, तोवर लिलाव थांबवतो. सेक्रेटरी सरकारी नोकर चालणार नाही. म्हणजे मी नाही.
मैदानावर जाऊन सांगितलं. गंगूनं वर बघितलंसुद्धा नाही. भामानं मात्र सगळं ऐकून घेतलं.

९ सप्टेंबर
शेजारच्या नामदेवराव मास्तरांकडे गेलो, संस्थेचे सेक्रेटरी व्हा म्हणालो. पेन्शनीत आहेत, वेळच वेळ. आधी हो म्हणाले, मग हाडं-चिंध्या ऐकून हसले. केशवराव वकिलांच्या घरी सामान बांधणं चाललंय — तेही औरंगाबादला. जो तो निघालाय. मी कुणाला काय म्हणून थांबवू?

२४ सप्टेंबर
कुणीही नाही. सहा दिवस उरले. रस्त्यानं चालताना माणसांचे चेहरे बघतो — याला लिहिता येत असेल का!

२९ सप्टेंबर
कचेरीत टेबलापाशी कुणी उभं राहिलं म्हणून वर पाहिलं तर — ही! मागं गंगू. दोघी रिक्षानं आल्या होत्या. हिच्या लुगड्याच्या काठाला चिखल. सकाळीच मैदानावर गेली होती, मला न सांगता. हातात संस्थेचा अर्ज. बारा अंगठे आणि खाली स्वच्छ अक्षरात — सौ. कुसुम, सेक्रेटरी.
मी म्हणालो, “अगं, आपण महिन्यानं जाणार ना?”
“ते नंतर बघू. अर्ज घ्या आधी.”
साहेबांकडे कागद नेला, दोघी मागोमाग. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. पडद्याआडच्या बायकांशी बोलतात तसं खाली बघत बोलले. कागद ठेवून घेतला.
घरी आल्यावर हिला विचारलं, वास नाही आला? आला म्हणाली. उलटी झाली. “भामानं पाणी दिलं, ते मी प्याले.”

१८ ऑक्टोबर
कचेरीच्या कमिटीनं संस्थेला मान्य केलं! मार्चअखेरपर्यंत प्रयोग म्हणून. दर आठवड्याला मालाचं वजन होईल तेव्हा सेक्रेटरीनं स्वतः हजर राहायचं. एकदा चुकलं तर लिलाव.
त्याच टपालात माझा हुकूम. एक नोव्हेंबरला औरंगाबादला रुजू. बदलून मिळेल का विचारलं. साहेब म्हणाले, याद्या दिल्लीपर्यंत जाऊन आल्या, आता कुणाच्या हातात नाही.

२५ ऑक्टोबर
एकनाथरावांचं पत्र. घर बघितलंय, अंगणात विहीर आहे. हिनं दोनदा वाचलं. मी ट्रंक बांधायला काढली, हिनं तिच्यात माझेच कपडे घातले.

३१ ऑक्टोबर
काचीगुडा स्टेशन. गाडीला अजून तास आहे. दिवाळी तोंडावर. आई हिच्याजवळ राहील. ही पोचवायला आलेली नाही — बुधवार, वजनाचा दिवस. तिकीट एकच काढलं.