मुठीवरची दुहेरी किनार

प्रिय तोरिबिओ,

तुझं नाव घ्यायचीही इच्छा नाही, तरी सवयीने 'प्रिय' लिहून गेले. बाबांचं अन्न तुटलंय. बटाटे मात्र यंदा भरघोस आले. म्हातारे म्हणतात, जत्रेच्या झुंजीत रक्त सांडलं की भूमाता तृप्त होते. माझ्या घशाखाली एक बटाटा उतरत नाही. रक्त वालेरियानोचं होतं, आणि बटाटे काढून झाले की मी त्याच्या घरी नांदायला जाणार होते.

खालच्या गावचा म्हणून तो तुझ्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपायचा. "ताईला काय आपल्या गावात पोरं मेली होती?" म्हणायचास. तरी झुंजीआधी लाडात आलास, "ताई, मुठीला पट्टी विणून दे ना, बोटं सोलवटतात." दिली विणून. बोटांवर येणारा काठ आत दुमडला, सुरुवातीचा एकेक टाका शेवटच्या टाक्याबरोबर सुईवर घेऊन विणून टाकला. असा काठ सपाट बसतो, शिवण म्हणून दिसत नाही. पण तुला हे कुठून ठाऊक असणार! आपल्याकडे विणता आल्याशिवाय पोराला बायको मिळत नाही, आणि तू सुया दिसल्या की धूम ठोकायचास.

चौकात तो हसतच पुढे आला रे. "हळू मार मेव्हण्या, लग्नात नाचायचंय मला!" तू कानशिलावर ठोसा हाणलास आणि हाड फुटल्याचा आवाज मला देवळाच्या पायरीवर ऐकू आला. तो पडला तरी तू त्याच्या छातीवर बसून हाणत राहिलास. नाक गेलं, डोळा गेला, दात मातीत पडले. मी ओरडत होते आणि मक्याची दारू, चिचा, प्यालेले लोक तुला चेव देत होते. बाबांनी सगळ्यांदेखत शपथ घेतली, माझ्या पोराच्या मुठीत काही नव्हतं. नुसत्या मुठीने मेलेला माणूस भूमातेचा, त्याचा जाब कोणी विचारत नाही. खालच्या गावाने मुकाट्याने प्रेत उचललं.

तू पट्टी अंगणात टाकून शहर गाठलंस. मी ती धुवायला घेतली. चोळताना काठात काहीतरी टणक लागलं. काठ उसवून पुन्हा सुईदोऱ्याने टाचलेला, पोत्याचं तोंड शिवतात तसा. आत नदीतला दगड होता. काळतोंड्या, समोर असतास तर त्याच दगडाने तुझं डोकं फोडलं असतं!

दगड घेऊन मी तडक खालच्या गावात गेले. वालेरियानोच्या थोरल्या भावाने, फाउस्तिनोने, तुझा पत्ता विचारला. मी दिला. हे पत्र तुझ्या हातात देऊन दाराशी उभा आहे ना, तो फाउस्तिनोच. निमूट त्याच्याबरोबर ये आणि चौकात कबूल कर, कदाचित जगशील. पळालास तर संपलास. पत्र वाचून होईपर्यंत अंगाला हात लावायचा नाही, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. म्हणून तर इतकं लांबण लावलं, बाळा. एरवी तुला चार ओळीसुद्धा लिहिल्या नसत्या.

अजूनही तुझीच,
निकानोरा ताई