भासऱ्यांचा चेहरा

६ एप्रिल, रवि.
मोहफुलं वेचून आली, सयपाक केला आन् नऊ वाजता तलावाच्या पाळीवर (बांधावर) जाऊन बसली. घरी रेंज नाई. पाळीवरच्या चिंचेखाली दोन कांड्या येतात, तेवढ्यात मोबाइलवर मॅडम दिसते. मासोळीचं बीज वाढवायचा ऑनलाइन कोर्स, पाठ चौथा. लग्नानंतर दहावी, चाळिशीत बारावी, मग कॉम्प्युटर, आता हे. वय सत्तेचाळीस. घरचे (म्हणजे नवरा) म्हणाले, "अजून किती शिकशीन वो?" म्हटलं, डोळे चालतात तोवर.

आज मासोळीचं काहीच शिकवलं नाई. मॅडमनं सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "जे व्हायला हवं ते झालंच आहे असं पाहा. रंग पाहा, आवाज ऐका. रोज दहा मिनिटं." सुरुवातीला निळा समुद्र पाहा म्हणे. समुद्र मी कधी पाह्यला नाई. मले आपला तलावच दिसला, म्हशीसकट.

१३ एप्रिल, रवि.
काय व्हायला पायजे ते आज लिहूनच ठेवते. आपली मच्छीमार सोसायटी दर पावसाळ्यात जिरे आणून तलावात सोडते. जिरे म्हणजे मासोळीचं जिऱ्याएवढं पिल्लू. अर्ध्याहून जास्त मरळ मासोळी गिळते. कोर्समधी सांगतात, आधी हाप्यात ठेवा. हापा म्हणजे बारीक जाळीचा चौकोनी पाळणा, पाण्यात बांबूले बांधायचा. बोटभर झालं की मग मोकळं सोडा. आमच्या बचत गटाच्या अकरा बाया तयार आहेत. तलावाचा पूर्वेकडचा कोपरा पायजे, बस.

कोपरा देणार सोसायटी. सोसायटीचे अध्यक्ष माझे भासरे, म्हणजे घरच्यांचे मोठे भाऊ. (पुढे नुसतं भा. लिहीन. नाव मी घेत नाई, कागदावरही नाई.) सत्तावीस वर्षांत आमचा एक शब्द नाई झाला. ते आले की पदर ओढायचा, वाट सोडायची, तोंड फिरवायचं. काही सांगायचं तं घरच्यांच्या मार्फत.

सभा २५ मे. मग जिऱ्याची ऑर्डर जाते. ते चुकलं की वरीस गेलं.

१९ एप्रिल, शनि.
घरच्यांना पाठवलं बोलायला. अर्ध्या तासात परत. काय सांगतलं म्हणून विचारलं तं, "बायाईले तलाव पायजे म्हणून सांगतलं."
तलाव! मी कोपरा म्हटलं होतं.
भा. म्हणाले म्हणे, "तलाव देऊन देतो, आन् आपण काय घरी बांगड्या भरून बसू?"
घरच्यांचं म्हणणं, "मी तेच सांगतलं वो, थोडं कमी-जास्त झालं असन." रागानं जेवली नाई. मग भूक लागली, जेवली. पण ठरवलं. सभेत मीच बोलीन.

२७ एप्रिल, रवि.
रोज दहा मिनिटं डोळे मिटून सभा पाहून राह्यली. समाजमंदिर, सतरंजी, करकरणारा पंखा. बाया बसतात त्या पायरीवरून मी उठते, आत जाते. कोणी म्हणते पाणी खराब होईन, मी उत्तर देते. कोणी म्हणते हापे चोरीले जातीन, त्यालेही देते. आधी बोबडी वळे, आता कुठंच अडत नाई. मॅडमचं खरं आहे. मनात झालं की तोंडाले जमते.

४ मे, रवि.
तेंदूपत्ता (विडीची पानं) सुरू. पहाटे जंगलात, दुपारी पुडे बांधणं. पानं तोडता तोडता तोंडानं सभा चालू. जाऊबाई शेजारच्या झुडपाशी. (भा.च्याच बायको. माझ्या गटात आहेत, नवऱ्याले न विचारता.) "कोणाशी बोलून राह्यली वो, झाडाशी?" सांगतलं. लय हासल्या. मग म्हणाल्या, "मले ऐकव ना."

८ मे, गुरु.
जाऊबाईच्या अंगणात ऐकवलं. भा. बाजारले गेले होते. साताठ बाया जमल्या. पाठ केल्यासारखं धडाधड बोलली. सगळ्या खूश. मग जाऊबाई म्हणाल्या, "आमचा बुढा कुठी बसला तुया चित्रात?"

डोळे मिटून पाह्यलं. सतरंजीवर सगळे होते, एकूणएक. अध्यक्षाची खुर्ची रिकामी.

वीस दिवस मी रिकाम्या खुर्चीसमोर भाषण देऊन राह्यली होती आन् मले पत्ता नाई. जिथी ते असतात तिथी माझी नजर जातच नाई. मनातही पदर ओढला. लाज वाटली, हासूही आलं. सगळी मेहनत पाण्यात.

९ मे, शुक्र.
खुर्चीत त्यांना बसवायले गेली तं चेहराच नाई. पाय माहीत आहेत, डाव्या अंगठ्याचं नख काळं. पाठ माहीत आहे, आवाज माहीत आहे. चेहरा नाई. एका गावात, एका आवारात सत्तावीस वर्षं.

दुपारी जाऊबाईनं पुतण्याच्या लग्नाचा फोटो मोबाइलवर काढला, बोटांनी मोठा केला. माझी मान आपोआप वळली. "पाह्य वो, पोटभर पाह्य. मी रोज पाह्यते, काई होत नाई." पाह्यलं. भुवया दाट. कपाळावर जुनी खोक. गाल बसके. वाटलं होतं त्यापेक्षा साधाच माणूस.

१५ मे, गुरु.
आता चेहरा येते, पण तो आला की माझी नजर खाली काळ्या नखावर जाते. दुसरी अडचण. हाक काय मारू? हाक मारायची वेळच आली नव्हती, तं शब्दच नाई. जाऊबाईले विचारलं. "मीही कुठी मारते हाक? ऐका जी म्हणते." माझ्या कामाचं नाई ते.
अध्यक्षभाऊ म्हणीन. दहा वेळा पाळीवर मोठ्यानं म्हटलं. म्हशीनं मान वर केली.

२१ मे, बुध.
घरचे म्हणतात, "लोकं काय म्हणतीन, भासऱ्याशी तोंडावर बोलते." म्हटलं, तुमी नीट बोलले असते तं ही वेळ आली नसती. भीती मलेही वाटते, वाटू दे. बोलणार आहे.

२५ मे, रवि.
सभा झाली. जसं आठवते तसं लिहिते.

बाया पायरीवर. माझा नंबर आला, उठली, आत गेली. पदर डोक्यावर ठेवला, पण समोर पाह्यलं. "अध्यक्षभाऊ," म्हटलं. आन् भा.नी तोंड भिंतीकडे फिरवलं.

हे मी पाह्यलंच नव्हतं. माझी रीत तशी त्यांचीही रीत, हे डोक्यातच आलं नाई. मग त्यांच्या कानाकडे पाहून बोलली. जिरे, मरळ, हापा, कोपरा, अकरा बाया. पंखा करकरून राह्यला.

भा. भिंतीले पाहून घरच्यांना म्हणाले, "विचार तिले, खाद्य कोण टाकन." यांनी मले विचारलं, मी सांगतलं, यांनी त्यांना सांगतलं. दोन प्रश्न असेच गेले. तिसऱ्याले घरच्यांनी उत्तरात काहीतरी भलतंच घुसवलं. भा. म्हणाले, "तू गप राह्य. तिले सांगू दे."



मग थेट विचारलं, तोंड भिंतीकडेच. "भादव्यात पावसानं दडी मारली आन् धानाले पाट सोडला, तं पाणी उतरते. पूर्वेचा कोपरा आधी कोरडा पडते. तवा हाप्यात काय राह्यन?"

मले उत्तर येत नव्हतं. माझ्या चित्रात तलाव नेहमी भरलेलाच. म्हटलं, "माहीत नाई. शिकून सांगते."
कोणीतरी हासलं. भा. नाई हासले. "येत्या रविवारी सांगा. ऑर्डर तोवर थांबन."

घरी आल्यावर ध्यानात आलं. "सांगा" म्हणाले. अहोजाहो.

२८ मे, बुध.
मॅडमले विचारलं. "तलाव वर्षभर भरलेलाच ठेवायचा, ताई." मग धान कोण पिकवन, मॅडम? आपला मामा (माजी मालगुजारी) तलाव धानासाठीच बांधलेला, मासोळी मागून आली. मॅडमचा तलाव दुसराच आहे. तिच्यावर राग नाई, शिकली मी तिच्याचकडून. पण हे तिच्याकडे नाई.

३० मे, शुक्र.
पाळीवर बसली, डोळे उघडे ठेवून. भरलेला नाई, आजचा तलाव पाह्यला, भेगाळलेला, मधात पाणी. आन् एकदम लक्षात आलं. जे पाणी आज उन्हाळ्याच्या शेवटी उरलं आहे, ते पाटाले नेताच येत नाई. पाटाचं तोंड त्याच्या वर आहे. तं हापे तिथी लावायचे. कोपरा सोडायचा. पावसाळाभर होडीनं जावं लागन, तं जाऊ. दीड महिना कोपरा कोपरा करून राह्यली होती. कमाल आहे माझी.

१ जून, रवि.
सकाळी एकटीच बांबू घेऊन पाण्यात उतरली. बांबूवर हाताहातावर खुणा करून नेल्या होत्या. कंबरेएवढं पाणी कुठी कुठी आहे ते सभेत नीट सांगता आलं पायजे. चार जागी मोजलं. पाचव्या जागी निघाली तं पाळीवरून आवाज आला.

"तिथी नोको. गाळ आहे, पाय रुतन. डाव्या हाताले या."

वळली. भा. उभे होते. मधात घरचे नव्हते, कोणीच नव्हतं. पदर ओढायले हात मोकळा नव्हता, बांबू धरला होता. त्यांनी तोंड फिरवलं नाई, मीही नाई. फोटोतल्यापेक्षा म्हातारे आहेत.

डाव्या हाताले गेली. खाली कडक जमीन, पाणी कंबरेच्या वर. त्यांनी पाह्यलं आन् समाजमंदिराकडे निघून गेले. ना हो म्हटलं, ना नाई.

सभा दहाले आहे. साडी बदलते आन् जाते.